पौषातला संकल्प आणि सूर्याचे वळण : उत्तरायण २१ डिसेंबरला मानावे की १४ जानेवारीला?

पर्वतीपायथा (४ जानेवारी २०२६)

काल पौष पौर्णिमेला आमच्या घरी सत्यनारायणाची पूजा झाली. संकल्पाच्या वेळी गुरुजींनी ‘दक्षिणायने हेमंतऋतौ पौषमासे’ असे म्हटले, मी पळीभर पाणी ताम्हनात सोडले आणि पूजा पुढे सरकली. प्रसाद झाल्यावर काकांनी गुरुजींना आदराने विचारले, की सूर्य २१ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळला असताना आज दक्षिणायन कसे म्हणायचे. गुरुजींनीही तितक्याच शांतपणे सांगितले, की मकर संक्रांत होईपर्यंत दक्षिणायनच म्हणण्याचा त्यांच्या घरचा परिपाठ आहे आणि तो त्यांनी वडिलांकडून घेतला आहे. रात्री जेवताना काका पुन्हा म्हणाले, “हातात पाणी घेऊन देवापुढे जे बोलायचे, ते आभाळाशी जुळलेले असावे.” हे वाक्य माझ्या मनातून जाईना, म्हणून हा धागा काढतो आहे.

संकल्पात आपण स्वतःचे स्थळ आणि काळ किती नेमकेपणाने सांगतो ते पाहा. गोदावरीच्या दक्षिण तीरावर आणि कृष्णेच्या उत्तर तीरावर, असे आपण पुण्यात बसून म्हणतो, आणि नकाशा उघडला तर ते अक्षरशः खरे आहे. मग स्थळ इतके खरे आणि अयन मात्र तीन आठवडे मागे, असे का?

मला जे समजले आहे ते मांडतो. चुकत असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावे. अयन म्हणजे जाणे. सूर्य रोज थोडा थोडा दक्षिणेकडे सरकत शेवटी थबकतो आणि परत फिरतो, तो क्षण म्हणजे उत्तरायणाचा आरंभ. या वेळी तो २१ डिसेंबर २०२५ रोजी रात्री ८ वाजून ३३ मिनिटांनी होता. वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूपासून, मोजलेले सूर्याचे अंतर तेव्हा बरोबर २७० अंश होते, म्हणजेच सायन (संपातापासून मोजलेल्या) मकर राशीत त्याचा प्रवेश झाला. आपली पंचांगे मात्र राशी ताऱ्यांच्या आधाराने मोजतात, तिला निरयन पद्धत म्हणतात. संपातबिंदू वर्षाला सुमारे ५० विकला (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा विकला) मागे सरकत असल्यामुळे ताऱ्यांची मकर रास आणि वळणाची मकर रास यांत आज सुमारे २४ अंश १३ कलांचे अंतर पडले आहे. यालाच आपण अयनांश म्हणतो. सूर्याला हे अंतर कापायला २४ दिवस लागतात, म्हणून निरयन मकर संक्रांत १४ जानेवारीला येते.

या दोन गोष्टी पूर्वी कधी तरी एकत्र होत्या, पण कायम एकत्र कधीच नव्हत्या. लगधाच्या वेदांगज्योतिषात उत्तरायणाचा आरंभ धनिष्ठा नक्षत्राच्या प्रारंभी सांगितला आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत स्पष्ट लिहिले, की पूर्वीच्या शास्त्रांनी धनिष्ठा सांगितली असली तरी आता ते वळण मकरारंभी, म्हणजे उत्तराषाढाच्या दुसऱ्या चरणाशी होते, आणि फरक पडला असेल तर तो प्रत्यक्ष पाहून ठरवावा. आज सूर्य वळतो तेव्हा तो मूळ नक्षत्रात असतो. धनिष्ठेपासून मुळापर्यंतची ही पीछेहाट जवळजवळ साडेसत्तेचाळीस अंशांची, म्हणजे साधारण ३,४०० वर्षांची आहे. वराहमिहिराने पूर्वसूरींचा मान ठेवूनही आभाळाकडे पाहिले. आपण त्याचेच वाक्य धरून दीड हजार वर्षे बसून राहिलो आहोत का, ही माझी खरी शंका आहे.

आपापल्या घरी संकल्पात, पत्रिकेत आणि सणावारात काय करतात, ते कृपया कारणासह लिहावे.

ओळंबा (४ जानेवारी २०२६)

काकांचे वाक्य फार आवडले. मी ज्योतिषी नाही. आयुष्यभर बांधकामांवर सुपरवायझर होतो आणि निवृत्तीनंतर कोथरूडच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर गेली तीन वर्षे सूर्याची सावली मोजतो आहे. या धाग्याला उपयोगी पडेल म्हणून पद्धत सविस्तर लिहितो.

पहिल्या वर्षी मी एक मीटर उंचीचा लोखंडी गज उभा केला आणि मध्यान्हीच्या सावलीचे टोक खडूने टिपायला लागलो. लक्षात आले, की टोक नावाची गोष्टच तिथे नाही. सूर्याचे बिंब अर्ध्या अंशाचे असल्यामुळे सावलीची कड सुमारे दीड सेंटिमीटर फिकट होत जाते, आणि वळणाच्या आधीच्या दहा दिवसांत सावली एकूण वाढते तीच मुळी एक-सव्वा सेंटिमीटर. म्हणजे जे मोजायचे त्यापेक्षा मोजपट्टीच जाड होती. दुसरी अडचण गच्चीची. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून गच्चीला उतार असतोच, आणि माझ्या खुणा त्या उतारामुळे चुकत होत्या.

दुसऱ्या वर्षी गजाच्या माथ्यावर बारीक भोक पाडलेला पत्रा बसवला, खाली पाणसळीने सपाट केलेली फळी ठेवली आणि भोकाच्या बरोबर खालचा बिंदू ओळंब्याने पक्का केला. आता सावलीऐवजी फळीवर उजेडाचा एक लांबट ठिपका पडतो, साधारण सव्वा सेंटिमीटर रुंद. तो सूर्याचाच लहानसा प्रतिबिंबित आकार आहे. त्याचा मध्य पेन्सिलीने टिपता येतो. पुण्याचे रेखांश ७३ अंश ५१ कला असल्यामुळे आपली मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. २१ डिसेंबरला ती सुमारे १२ वाजून ३३ मिनिटांनी होते.

पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश धरला, तर त्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर येतो आणि एक मीटर उंचीची सावली ९० सेंटिमीटर पडते. संक्रांतीच्या दिवशी हीच सावली सुमारे ८३ सेंटिमीटर असते. ज्या दिवशी आपण तिळगूळ देतो, त्या दिवशी सूर्य दक्षिण टोकापासून दोन अंशांहून अधिक वर आलेला असतो, हे फळीवर बोट ठेवून दाखवता येते.

मात्र प्रत्यक्ष वळणाचा दिवस असा थेट दिसत नाही. १९ ते २४ डिसेंबरच्या माझ्या खुणा एकमेकींवर इतक्या चढल्या आहेत, की पेन्सिलीचा एकच जाड ठिपका झाला आहे. यावर जुना उपाय असा, की वळणाच्या बरेच आधी एक खूण करावी आणि वळणानंतर सावली त्याच खुणेवर केव्हा परत येते ते पाहावे. त्या दोन दिवसांचा मध्य हेच वळण. मी १ डिसेंबरला खूण केली आहे. सावली परत आली की इथे लिहितो.

दृक्प्रत्यय (५ जानेवारी २०२६)

मी गेली वीस वर्षे पत्रिका पाहते. धागाकर्त्यांचा प्रश्न माझ्याकडे दर वर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जन्मलेल्या बाळांच्या रूपाने येतो. मागच्याच आठवड्यात एका आजींनी नातीच्या दोन पत्रिका आणल्या. जन्म २७ डिसेंबरचा. एका संगणकीय पत्रिकेत ‘दक्षिणायन, हेमंत ऋतू’ छापले होते, दुसरीत ‘उत्तरायण, शिशिर ऋतू’. ग्रह, लग्न, नक्षत्र सर्व सारखे. आजी घाबरल्या होत्या, की यातली एक पत्रिका खोटी आहे. मी त्यांना सांगितले, की पत्रिका दोन्ही खऱ्या आहेत, फक्त अयन या शब्दाचा अर्थ दोघांनी वेगळा घेतला आहे. आणि माझे मत विचाराल तर शास्त्रीय अर्थ दुसरीने घेतला आहे.

असे मी का म्हणते ते आमच्याच गणितातून सांगते. फलज्योतिषात राशी निरयन असतात, हे आम्ही मानतो आणि मीही त्याच राशींवर काम करते. सूर्य तुळेत नीच असतो, तिथून वृश्चिकेत मंगळाच्या घरी आणि धनूत गुरूच्या घरी मित्रगृही येतो, मग मकरेत शनीच्या घरी शत्रुगृही जातो. हे सर्व निरयन. पण षड्बल, म्हणजे ग्रहाचे सहा प्रकारचे बळ, काढताना ‘अयनबल’ नावाचा जो भाग येतो, तो राशीवरून काढत नाहीत, क्रांतीवरून काढतात. सूर्याची क्रांती उत्तरेला २४ अंश असेल तर बल पूर्ण ६० षष्ट्यंश, दक्षिणेला २४ अंश असेल तर शून्य, आणि सूर्याच्या बाबतीत येणारा आकडा दुप्पट करतात. क्रांती म्हणजे विषुववृत्तापासूनचे खरे अंतर, आणि ते काढण्यासाठी निरयन सूर्यात अयनांश मिळवावेच लागतात.

कुंभ संक्रांतीचे उदाहरण घ्या. फेब्रुवारीच्या १२-१३ तारखेला सूर्याची खरी क्रांती दक्षिणेला सुमारे साडेतेरा अंश असते. दुप्पट करण्याआधीचे बल तेराच्या आसपास येते. अयनांश न मिळवता गणित केले तर क्रांती वीस अंशांच्या पुढे आणि बल पाचाच्या आत येते. असे गणित कोणताही शिकलेला ज्योतिषी चूकच म्हणेल. म्हणजे बलाबल काढताना आपण वळण २१ डिसेंबरला झाले असे धरतो, आणि त्याच पत्रिकेच्या माथ्यावर १४ जानेवारीपर्यंत दक्षिणायन लिहितो. हा विरोध शास्त्रातला नाही, आपल्या सवयीतला आहे.

आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण ती ओळंबा यांच्या फळीशी थेट जोडलेली आहे. बारा अंगुळांच्या शंकूची विषुवदिनी पडणारी मध्यान्हछाया म्हणजे त्या गावाची पलभा. पुण्याची पलभा चार अंगुळे येते. तिला अनुक्रमे १०, ८ आणि ३⅓ ने गुणले की चरखंडे, म्हणजे अर्ध्या दिवसाच्या लांबीत पडणाऱ्या फरकाचे तीन तुकडे, ४०, ३२ आणि सुमारे १३⅓ पळे (एक पळ २४ सेकंदांचे) मिळतात. बेरीज ८५ पळांहून थोडी अधिक, म्हणजे ३४ मिनिटे. वळणाच्या दिवशी दिवसाचा प्रत्येक अर्धा भाग सहा तासांपेक्षा इतका लहान, म्हणून दिनमान १० तास ५२ मिनिटे. प्रकाशाचे वक्रीभवन आणि बिंबाची वरची कड धरली तर घड्याळाने ते ११ तासांपर्यंत जाते. चार अंगुळांच्या एका सावलीतून पुण्यातला सर्वांत लहान दिवस आठ-नऊ मिनिटांच्या आत सांगणारे हे गणित आमच्या गुरूंनी पाटीवर शिकवले, त्या दिवशी मला या विषयाबद्दल जी ओढ वाटली ती आजही तशीच आहे. वेदांगज्योतिषात सर्वांत लहान आणि मोठ्या दिवसाचे प्रमाण १२ मुहूर्तांस १८ मुहूर्त असे दिले आहे. तो लहान दिवस ९ तास ३६ मिनिटांचा होतो. तो आपल्या अक्षांशाचा नाही, बराच उत्तरेकडचा आहे. जुने वचन कोणत्या गावाचे आहे हेही पाहावे लागते.

नित्यकर्म (५ जानेवारी २०२६)

मी पौरोहित्य करतो. गुरुजींच्या बाजूने दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते.

आमच्यापुढे प्रश्न खगोलाचा नसतो, कर्माचा असतो. धर्मसिंधू या धर्मशास्त्राच्या ग्रंथात मकर संक्रांतीचा पुण्यकाळ संक्रमणानंतर ४० घटिका, म्हणजे १६ तास सांगितला आहे, आणि कर्क संक्रांतीचा आधीच्या ३० घटिका. दान, स्नान, तर्पण हे त्या पुण्यकाळात करायचे असते, आणि संक्रमण पंचांगात दिलेले निरयन धरतात. उद्या कोणी म्हणाले, की वळण २१ डिसेंबरला झाले म्हणून तीळदान त्या दिवशी करा, तर ज्या यजमानाच्या घरी पाच पिढ्या सुगडे पुजली जातात तो गोंधळून जाईल. भोगीची भाजी, बाजरीची भाकरी, संक्रांतीचा ववसा, किंक्रांत आणि पुढे रथसप्तमीपर्यंतचे हळदीकुंकू ही एक सलग माळ आहे. त्याआधीचा धनुर्मास, त्यात पहाटे सूर्योदयाच्या वेळी मुगाची खिचडी आणि लोण्याचा नैवेद्य, आणि त्या महिन्यात टाळलेली लग्नकार्ये, हे सारे सूर्य धनू राशीत असण्याशी बांधलेले आहे. एक मणी काढला तर माळ विस्कटते.

ऋतूविषयी एक खुलासा. संकल्पात हेमंत म्हटले ते चांद्रमासावरून, कारण मार्गशीर्ष आणि पौष हे हेमंताचे महिने. त्यात गुरुजींचे चुकले नाही. अयनाविषयी मात्र मी विचार करीन. दृक्प्रत्यय ताईंचा अयनबलाचा मुद्दा माझ्यासाठी नवा आहे.

पागोळी (६ जानेवारी २०२६)

आमचे माहेर-सासर दोन्ही रत्नागिरीकडचे, राहणे कर्वेनगरला. आमच्याकडे टिळक पंचांग पाळतात आणि आमची संक्रांत दर वर्षी १० जानेवारीच्या आसपास असते. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा शेजारच्या काकूंना मी चार दिवस आधी तिळगूळ दिला, तर त्यांना वाटले की मला तारीख कळत नाही. नंतर त्यांनीच मला विचारून समजून घेतले.

सासरे समजावून सांगत, की ताऱ्यांची मोजणी कुठून सुरू करायची यावरच जुना वाद आहे. रेवती नक्षत्राचा एक मंद तारा आरंभी धरला तर तो रैवत पक्ष. आमचे पंचांग तो मानते. चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर धरला तर तो चैत्र पक्ष. बहुतेकांची पंचांगे तो मानतात. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक आहे, म्हणून चार दिवस. त्यामुळे अधिक महिनाही कधी कधी वेगळा पडतो आणि आमचे गणपती इतरांच्या महिनाभर आधी येतात.

मला या चर्चेत एवढेच म्हणायचे आहे, की १४ जानेवारी ही तारीख आभाळात कोरलेली नाही. आरंभीचा तारा बदलला की ती बदलते. सूर्याचे वळण मात्र चित्रावाल्यांना आणि रेवतीवाल्यांना एकाच दिवशी दिसते. दोघांनाही मान्य होईल असे काही असेल तर तेच आहे.

नवाभिडू (६ जानेवारी २०२६)

एक साधी शंका. मी रोज संध्याकाळी तळजाईवर फिरायला जातो. सूर्यास्त डिसेंबरच्या सुरुवातीपासूनच उशिरा होऊ लागला आहे असे मला जाणवते. मग दिवस २१ डिसेंबरच्या आधीच मोठा होऊ लागला का?

ओळंबा (६ जानेवारी २०२६)

तुमचे निरीक्षण अगदी बरोबर आहे, निष्कर्ष मात्र थोडा बदलावा लागेल. पुण्यात सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सहाला चार मिनिटे कमी असताना होतो. २१ डिसेंबरला तो सहा वाजून तीन मिनिटांच्या आसपास गेलेला असतो. पण त्याच काळात सूर्योदय त्याहून जास्त उशिरा होत जातो, त्यामुळे दिवस लहानच होत असतो. सर्वांत उशिराचा सूर्योदय तर जानेवारीच्या मध्यानंतर, सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला असल्यामुळे मध्यान्हच रोज थोडी पुढे सरकत असते. हा त्याचा परिणाम.

म्हणून घड्याळापेक्षा दिशा पाहावी. तळजाईवरून पश्चिम क्षितिजावर एखादी ठळक खूण धरा. वळणाच्या दिवशी सूर्य ठीक पश्चिमेपासून दक्षिणेकडे सुमारे २५ अंश सरकून मावळतो. त्यापलीकडे तो जात नाही. सिंहगड त्याहून बराच दक्षिणेला आहे, तिथपर्यंत त्याची मजल कधीच जात नाही. जूनमध्ये तो तितकाच उत्तरेला गेलेला दिसेल. वराहमिहिरानेही हीच रीत सांगितली आहे: दूरच्या खुणेशी उदयास्त ताडून पाहावा, किंवा मोठ्या वर्तुळात सावली शिरताना आणि बाहेर पडताना खुणा कराव्यात. पंधराशे वर्षांपूर्वीचे हे वाक्य वाचले तेव्हा मला माझ्याच गच्चीवर कोणी तरी आधी येऊन गेल्यासारखे वाटले.

पर्वतीपायथा (८ जानेवारी २०२६)

सर्वांचे मनापासून आभार. पागोळी ताईंनी टिळक पंचांगाचा उल्लेख केला, त्यामुळे हा वाद या शहरात किती जिव्हाळ्याने लढला गेला आहे ते आठवले.

ग्रहलाघव हा १५२० चा, कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा ग्रंथ, ज्यावर महाराष्ट्रातली पंचांगे शतकानुशतके चालली. त्यातला अयनांशाचा नियम पाठ करण्याइतका सोपा आहे: शकातून ४४४ वजा करावे आणि ६० ने भागावे. आजच्या शके १९४७ साठी उत्तर २५ अंशांहून किंचित अधिक येते. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीचा नियम आजही एका अंशाच्या आत आहे, पण वर्षाला ५० ऐवजी ६० विकला धरल्यामुळे तो हळूहळू दूर जात आहे. एकोणिसाव्या शतकात दुर्बिणीने पाहिलेले ग्रह आणि पंचांगातले ग्रह जुळेनासे झाले, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या कोष्टकांवर पंचांग बेतले आणि रेवतीचा आरंभ धरला. लोकमान्य टिळक त्यांचेच विद्यार्थी. वेंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा पक्षाची बाजू मांडली. आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी, ज्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ साली पुण्यात प्रसिद्ध झाला, विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह सायन पंचांगाचाच पुरस्कार केला. ही माणसे धर्म बुडवायला निघालेली नव्हती. संध्या करणारी, व्रते पाळणारी माणसे होती, आणि म्हणूनच त्यांना चुकीच्या वेळी केलेल्या कर्माची टोचणी होती.

स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ साली अहवाल दिला. २१ मार्च १९५६ रोजी अयनांश २३ अंश १५ कला ठरवला गेला. आजची बहुतेक पंचांगे तोच पुढे चालवतात. त्याच समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, आणि तिचा १ पौष २२ डिसेंबरला येतो. म्हणजे सरकारी कागदावर तरी पौषाचा पहिला दिवस सूर्याच्या वळणाला बांधलेला आहे.

संक्रांतीची तारीख स्थिर आहे हा आपला समज किती खोल गेला आहे, याचे एक उदाहरण सांगतो. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. ती संक्रांतीच्या दिवशी झाली, मराठ्यांवर संक्रांत कोसळली, असे मी लहानपणापासून ऐकत आलो. संक्रांत साधारण ७१-७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते हे कळल्यावर मी उलटे मोजले. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. त्याआधी आणखी १०२ वर्षे मागे गेलो तर १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. लढाईच्या दिवशी ती तीन-चार दिवसांपूर्वीच होऊन गेली होती. पुण्यातल्या घराघरांत बातमीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बायकांनी त्या वर्षीची सुगडे तेव्हा पुजलीही असतील. वाक्प्रचार आपल्या दुःखातून आला आहे, आणि ते दुःख खरेच आहे. तारीख मात्र आपण आजच्या दिनदर्शिकेवरून मागे नेली.

भीष्मांचाही उल्लेख करतो, कारण उत्तरायणाचे महत्त्व आपल्या मनात त्यांच्यामुळेच ठसले आहे. अनुशासन पर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात, की सूर्य परत फिरला आहे, शरशय्येवर ५८ रात्री गेल्या आहेत आणि माघ महिना लागला आहे. तिथे त्यांनी राशीचे नाव घेतलेले नाही. त्यांनी सूर्याच्या परतण्याची वाट पाहिली.

म्हणून माझे मत आता असे झाले आहे. नित्यकर्म यांची माळ जशी आहे तशी राहावी. धनुर्मास, भोगी, संक्रांत हे सूर्य कोणत्या ताऱ्यांपुढे आहे याचे सण आहेत आणि ते त्या ताऱ्यांबरोबर सरकत राहतील. पण अयन हा वेगळा शब्द आहे, त्याचा अर्थ वळण एवढाच आहे. संकल्पात २२ डिसेंबरपासून उत्तरायण म्हणावे आणि संक्रांत १४ जानेवारीलाच करावी. यात कोणत्याही सणाला धक्का लागत नाही आणि देवापुढे बोललेले वाक्यही खरे राहते.

नित्यकर्म (९ जानेवारी २०२६)

‘संक्रांत ताऱ्यांची, अयन वळणाचे’ ही विभागणी मला पटते, आणि पुण्यकाळाच्या निर्णयात त्यामुळे काहीही बदलत नाही हेही तपासून पाहिले. आज सकाळी एका यजमानांकडे रुद्राभिषेक होता. संकल्पात ‘उत्तरायणे’ म्हटले आणि नंतर दोन मिनिटे घेऊन त्यांना कारण सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. कर्क संक्रांतीच्या आधी, २१ जूनपासून, याच न्यायाने ‘दक्षिणायने’ म्हणावे लागेल. आषाढी एकादशीच्या सुमारास त्यावर कोणी विचारील, तेव्हा या धाग्याचा उपयोग होईल. आपल्या काकांना माझा नमस्कार सांगावा.

दृक्प्रत्यय (९ जानेवारी २०२६)

त्या आजींना आज बोलावून घेतले. दोन्ही पत्रिका समोर ठेवून पहिलीवरचे ‘दक्षिणायन’ त्यांच्यासमोर लाल शाईने दुरुस्त केले आणि खाली ‘सायन मानाने’ असे लिहून सही केली. ऋतूसाठी ‘चांद्रमानाने हेमंत, सौरमानाने शिशिर’ असे दोन्ही लिहिले. यापुढे माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक पत्रिकेवर मान कोणते ते लिहिणार आहे.

ओळंबा (११ जानेवारी २०२६)

कबूल केल्याप्रमाणे आजची नोंद. काल ढग नव्हते, पण ठिपक्याचा मध्य १ डिसेंबरच्या खुणेच्या सुमारे चार-पाच मिलिमीटर पलीकडेच होता. या दिवसांत तो रोज साधारण तितकाच सरकतो. आज दुपारी पाऊण वाजायच्या थोडे आधी ठिपका खुणेवर आला. भिंगाने पाहिले, फरक मिलिमीटरच्या आत आहे. गजाच्या पायापासून अंतर ८५ सेंटिमीटरला किंचित कमी.

१ डिसेंबरच्या मध्यान्हीपासून आजच्या मध्यान्हीपर्यंत ४१ दिवस होतात. निम्मे साडेवीस. म्हणजे माझ्या फळीप्रमाणे सूर्य २१ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास वळला. धाग्याच्या सुरुवातीला दिलेली वेळ रात्री ८ वाजून ३३ मिनिटांची आहे, त्यापेक्षा साडेतीन तासांचा फरक पडला. पेन्सिलीची खूण दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली असती तरी निकाल पाच-सहा तासांनी हलला असता, तेव्हा याहून अधिक नेमकेपणाचा दावा मी करत नाही.

फळी १४ तारखेपर्यंत तशीच ठेवणार आहे. संक्रांतीच्या दिवशी दुपारी साडेबारापासून गच्ची उघडी असेल, कोणाला ठिपका पाहायचा असेल तर यावे. पर्वतीपायथा, काकांना जिने चढणे जमत असेल तर त्यांना नक्की घेऊन या. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंत आहे, पुढे फक्त एकच जिना आहे.